बोया दिसेना, तेव्हा झाड बघा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि पहाटे स्वेटर घालायची वेळ आली, की आपल्या कोल्हापुरात राजाराम तलावाच्या काठावर सायकली दिसायला लागतात. हा ट्रायथलॉनचा हंगाम. आज मी बोलणार आहे छोट्या ट्रायथलॉनबद्दल. ७५० मीटर पोहणं, मग २० किलोमीटर सायकल, मग ५ किलोमीटर पळणं. तिन्ही एकामागोमाग एक, आणि मध्ये कपडे-बूट करायला जो वेळ जातो तोही घड्याळात धरला जातो. तोही धरला जातो, हे लक्षात ठेवा.

हिला स्प्रिंट म्हणतात. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला ट्रायथलॉन आली, तिचं अंतर याच्या दुप्पट: दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली मोठी शर्यत सुरू झाली, तिथं समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि वर २१ किलोमीटर पळायचं. पेपरात फोटो येतात ते या मोठ्या शर्यतींचे. मला छोटी शर्यत जास्त मोलाची वाटते. नोकरी, शेती, मुलांच्या शाळा, घरातली म्हातारी माणसं हे सगळं सांभाळून साधारण माणूस तिची तयारी करू शकतो, आणि शर्यत संपवून दुपारच्या जेवणाला घरी असतो.

तयारी मात्र लांबलचक असते. जूनमध्ये सुरुवात करायची. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रस्ते निसरडे, नदी पात्राबाहेर, अंगावरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तशात पन्हाळा रोडला सायकली काढायच्या, आणि फारच कोसळत असेल तेव्हा घरातच सायकल स्टँडला लावून पाय फिरवायचे. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये ३० फेऱ्या झाल्या की ७५० मीटर होतात. गणपतीपर्यंत बहुतेकांच्या ३० फेऱ्या न थांबता होतात आणि आपल्याला पोहणं आलं असं वाटायला लागतं.

पण टँकच्या तळाशी काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवून सरळ पोहता येतं. राजाराम तलावाच्या तळाशी पट्टी नाही. पुन्हा सांगते, तलावाच्या तळाशी पट्टी नाही. आणि याच जागी मला एका मावशींची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या गटात एक सूनबाई येतात, नोकरी करणाऱ्या. जूनमध्ये त्यांनी विचारलं, "आमच्या सासूबाई विहिरीत पोहतात. त्यांना आणू का?" मी म्हटलं, आणा. आल्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं काटक, पहाटे चारला उठून म्हशींच्या धारा काढणाऱ्या, डेअरीत दूध घालून मगच टँकवर येणाऱ्या. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायला लागलो. पोहणं त्या माहेरच्या विहिरीत शिकलेल्या, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. क्रॉल, म्हणजे डोकं पाण्यात घालून एकेक हात पुढं टाकत पोहणं, त्यांना येत नव्हतं. बेडकासारखे पाय मारत, डोकं पाण्याबाहेर ठेवून त्या पोहायच्या. टँकवरच्या पोरांनी त्यांना डोकं पाण्यात घालायला शिकवायचा फार प्रयत्न केला. त्या म्हणायच्या, "डोस्कं पाण्यात घातलं तर म्हशी कुठं गेल्या ते कसं दिसंल?" विहिरीनंतरची त्यांची सगळी पोहण्याची सवय नदीवर म्हशी धुताना लागलेली होती. नियमात कुठलाही हात मारून पोहायला मुभा आहे, म्हणून मी त्यांना तसंच पोहू दिलं.

सायकलही त्यांना येत होती, लग्नाआधी डेअरीला जाण्यापुरती. नातवाची गिअरची सायकल घेतली आणि पावसाळाभर चालवली. पळणं सगळ्यात अवघड गेलं. आधी चालल्या, मग थोडं पळणं थोडं चालणं, आणि नवरात्रात पाच किलोमीटर सलग पळाल्या.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे नंबर घ्यायला तलावावर गेलो. बाकीचे एकमेकांच्या सायकलींची चाकं बघत होते. मावशी काठावर एकट्या उभ्या राहून पलीकडं बघत होत्या. मी विचारलं, काय बघताय? त्या म्हणाल्या, "त्यो केशरी गोळा हाय न्हवं, त्याच्या बरोबर मागं उंच निलगिरी हाय. दुसऱ्या गोळ्याच्या मागं पत्र्याचं शेड. ध्यानात ठेवलंय." मी हो म्हटलं आणि पुढं गेले.

सकाळी धुकं होतं. आकाश स्वच्छ, सूर्य यायच्या बेतात, पण पाण्यावर हातभर उंचीचं धुकं पसरलेलं. काठावर उभ्या माणसाला बोया, म्हणजे वळायची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेला तो केशरी गोळा, दिसत होता. होडीत बसलेल्या जीवरक्षकाला दिसत होता. पाण्यात ज्याचं डोकं आहे त्याला मात्र काहीही दिसत नव्हतं. मावशी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. अंबाड्यावर ताणून बसवलेली पिवळी टोपी, चष्म्याच्या वर टिकली, आणि पायातली जोडवी चिखलात निसटू नयेत म्हणून त्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन वेढे.

भोंगा वाजला. पहिले शंभर मीटर म्हणजे नुसती रेटारेटी, कुणाचा हात तोंडावर, कुणाची लाथ पोटात. पोरं सुसाट निघाली. आणि धुक्यात शिरल्याबरोबर सगळा कळप डावीकडं, बांधाच्या बाजूला वाहवत गेला, कारण पुढचा जिकडं जाईल तिकडं मागचा जात होता. मी मावशींच्या उजव्या हाताला होते. त्या सरळ चालल्या होत्या. धुक्याच्या वर निलगिरीचा शेंडा दिसत होता, आणि त्या त्याच्याकडं बघत पोहत होत्या.

अर्ध्या वाटेवर आवाज आला. आमच्या पुढं दहा-बारा हातांवर एक मुलगी उताणी होऊन धापा टाकत होती. कॉलेजमधली, टँकमध्ये आमच्यात सगळ्यात वेगवान. तिला बोया दिसेना, काठ दिसेना, आणि ती घाबरली होती. होडी थोडी लांब होती. मावशी वळल्या, पण तिला हात लावला नाही. घाबरलेला माणूस दुसऱ्याला मिठी मारून खाली नेतो, हे नदीवर वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. चार हात लांब राहून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ए बाळ, माझ्याकडं बघ. तोंड पाण्याला लाव आन् फुंकर मार. चूल फुकतीस तशी. मार फुंकर. आणिक एक." मुलगी फुंकर मारायला लागली. तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला तिचे खांदे खाली आले.

तेवढ्यात होडी आली. मुलीनं कड धरली आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "मी बाद झाले का?" होडीवाल्या दादांनी सांगितलं, "धरून विश्रांती घ्या हवी तेवढी. होडी पुढं हलली नाही, तुम्ही हलला नाहीत, तर बाद कशाला?" नियम तसाच आहे श्रोतेहो, आणि तो पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवा. होडी धरता येते, बोया धरता येतो. धरून पुढं सरकायचं मात्र नाही.

मग मावशींनी तिला निलगिरी दाखवली. "त्यो शेंडा दिसतोय? त्याच्याकडं चल. गोळा आपोआप येतोय." दोघी शेजारी शेजारी निघाल्या. बोया आला, वळल्या, मग पत्र्याचं शेड धरून दुसरा बोया, मग काठ. बांधाकडं वाहवलेली पोरं अजून वळसा घालून येत होती. पाण्यातून बाहेर पडताना त्या कळपातली निम्मी पोरं मावशींच्या मागं होती.

सायकलवर त्यांनी मावशींना गाठलं, मुलीनं तर पहिल्या चढालाच. पण मावशी शेवटपर्यंत पळाल्या, रेषा ओलांडली, गळ्यात पदक घालून घेतलं आणि सुनेकडं फोन मागितला. म्हशींना वैरण टाकली का, हे विचारायला. मग काठावर फतकल मारून बसल्या आणि जोडव्यांवरची चिकटपट्टी सोलून काढायला लागल्या. मुलगी केळं घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.

श्रोतेहो, इथं एक मनातलं बोलते. गावागावांत विहिरी बुजवल्या जाताहेत, कुठं कचरा टाकून, कुठं प्लॉट पाडून. उन्हाळ्याच्या सुट्टीत काका-मामानं पोराला डबा बांधून विहिरीत ढकलायचं, ही फुकटची शाळा होती. जलतरणपटू वीरधवल खाडेनं २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक आणलं, त्याच्या या जिल्ह्यात आज किती मुलींना पोहता येतं? टँकवर बायकांची वेळ भरदुपारी ठेवतात, जेव्हा नोकरीवाली बाई ऑफिसात असते आणि घरची बाई भांड्यांत असते. ही वेळ सकाळची पाहिजे. मी हे प्रत्येक वेळी सांगते आणि सांगत राहणार.

असो. शर्यतीकडं येते. मावशींनी त्या मुलीला फुंकर का मारायला लावली? घाबरलेला माणूस श्वास आत ओढत राहतो आणि बाहेर सोडायचं विसरतो. आतला वापरलेला वायू साठतो, म्हणून छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखं होतं. तेव्हा श्वास पाण्यात सोडा. पूर्ण सोडा. बाहेर आल्यावर आत घेणं आपोआप होतं. थंड देशांत पोहणाऱ्यांच्या अंगात रबरी वेटसूट असतो, तो माणसाला तरंगतं ठेवतो. आपल्याकडच्या पाण्यात त्याची गरज नसते, म्हणून आपल्याला तरंगतं ठेवणारा आपला श्वासच.

आणि पोहणं पहिलं का असतं? १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ट्रायथलॉन नावाची पहिली शर्यत झाली, तिची सुरुवात पळण्यानं झाली होती. आता सगळीकडं पोहणं आधी असतं, म्हणजे दमलेला माणूस पाण्यात उतरत नाही. ताज्या अंगानं उतरा आणि पहिले शंभर मीटर मुद्दाम हळू जा. आठ-दहा हात मारले की डोळे वर काढा. बोयाकडं बघू नका, बोयाच्या मागं जे उंच आहे ते बघा. आदल्या दिवशी काठावर उभं राहून ते ठरवून ठेवा. झाड, टाकी, मोबाइलचा मनोरा, काहीही. बोयाच्या मागचं उंच बघा.

सायकल आणि पळण्याबद्दल थोडक्यात. स्टँडवरून सायकल काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा, आणि सायकल परत स्टँडला लागेपर्यंत तो सोडायचा नाही. हौशी शर्यतीत दुसऱ्याच्या मागं चिकटून, त्याच्या आडोशानं सायकल चालवायला बंदी असते. शेवटचे दोन किलोमीटर हलका गिअर टाका, पाय भरभर फिरू द्या, नाहीतर उतरल्यावर पळताना पाय उचलत नाहीत. तयारीत दर रविवारी सायकल संपली की लगेच दहा मिनिटं पळा, म्हणजे पायांना त्याची ओळख होते. सकाळी नवीन काही खाऊ नका. रोजचं केळं, राजगिऱ्याचा लाडू, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एवढं पुरतं.

यंदा उतरणार असाल तर तलावातला सराव एकट्यानं करू नका. सोबत पोहणारा माणूस हवा, कंबरेला दोरीनं बांधलेला रंगीत फुगा हवा आणि काठावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. पुढच्या भागात सायकलची चेन, ब्रेक आणि वाटेत पंक्चर झालेली ट्यूब बदलणं याबद्दल बोलू. नमस्कार.