पिकअप, पण गाडी नव्हे

नमस्कार, श्रोतेहो.

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला लागलं की पुढे पिकअप, मागे पिकअप. माल उचलून नेते म्हणून गाडीचं नाव पिकअप. बागेत मात्र चालतं ते नुसतं 'पिक'. वेलीवरचा घड खुडला की 'पिक', अन् खाली पडलेला मणी वाकून उचलला की 'पिक अप'. एवढाच त्या 'अप'चा प्रताप.

इंग्रजीला बिचकणाऱ्यांना मी सांगतो, आपल्याकडे 'उचलणे' आहे ना, मग अर्धं काम झालं. फोन उचलला: 'पिक्ड अप द फोन'. धंद्याने उचल खाल्ली: 'बिझनेस पिक्ड अप'. शेजारी गुजराती कुटुंब आहे, पोराने खेळता खेळता त्यांची भाषा उचलली: 'ही पिक्ड अप गुजराती'. यात एक खोच आहे. शिकवणी लावून, व्याकरण घोकून आलेल्या भाषेला 'पिक अप' म्हणत नाहीत. कानावर पडून आलेली, तीच. आपणही तिला उचललेलीच म्हणतो, शिकलेली नाही.

सगळीकडे हे जमत नाही, बरं का. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतात ती उचल इंग्रजीत 'ॲडव्हान्स'. आणि आपल्याला सर्दी होते, इंग्रज मात्र ती 'पिक अप' करतो, जणू रस्त्यात पडली होती! तुमचा रेडिओ आत्ता माझा आवाज 'पिक अप' करतोय. आपण म्हणू, पकडतोय.

आता चूक कुठे होते? मीच कॉलेजात असताना मित्राला चिठ्ठी लिहिली होती, 'पिक अप मी फ्रॉम नाशिकरोड'. मित्र आला, पण चिठ्ठी महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरला. 'पिक अप द बॅग' म्हणा, 'पिक द बॅग अप' म्हणा, दोन्ही बरोबर. पण बॅगेच्या जागी 'इट' आलं, किंवा माणसाच्या जागी 'मी', 'हिम', 'हर' आलं, की ते मध्येच बसणार: 'पिक इट अप', 'पिक मी अप'. बोलताना जोर 'अप'वर. 'पिक'वर दिलात तर ऐकणाऱ्याला ती क्रेटवाली गाडीच आठवेल.

आज संध्याकाळी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलात की घरी फोन लावून म्हणून बघा, 'पिक मी अप'. आधी त्यांनी फोन पिक अप केला पाहिजे, एवढंच.