बसायला जागा कुठे आहे?

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'अथक प्रवासी' असा शब्द वापरला. त्यांचा मोठेपणा. खरं सांगायचं तर मी थकते, चांगलीच थकते. मी ७४ वर्षांची. माझ्याबरोबर हिंडणारी माझी नणंद ७१ची. दोघींचे मिळून चार गुडघे, त्यातले दोन बदललेले.

पूर्वी कुठल्याही गावी उतरलं की मी विचारायची, इथे बघण्यासारखं काय काय आहे? आता पहिला प्रश्न असतो, बसायला जागा कुठे आहे? तुम्ही हसताय, कारण तुमचंही तेच झालंय. पण हा प्रश्न विचारायला लागल्यापासून मला काही गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. आज त्यांच्याबद्दलच बोलते.

श्रवणबेळगोळला मी पहिल्यांदा गेले तेव्हा बत्तिशीत होते, कडेवर मूल होतं. अनवाणी, खडकात कोरलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या भराभर चढलो, मान वर करून ५७ फुटी गोमटेश्वर पाहिला, फोटो काढला, उतरलो. खाली बस उभी होती ना! सगळा प्रवास त्या बसच्या हॉर्नवर चालायचा.

चाळीस वर्षांनी गेले ती डोलीतून. डोलीत बसायची मला फार लाज वाटली. चार माणसांच्या खांद्यावर आपलं ओझं. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही लाजून उतरलात तर त्यांची आजची मजुरी बुडेल. बसा गुपचूप." तिचं म्हणणं बरोबर होतं की नुसतंच सोयीचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बसले मात्र.

वर गेल्यावर उभं राहवेना, म्हणून मूर्तीच्या पायांपासून जमेल तेवढ्या जवळ जमिनीवरच टेकले. आणि समोर, बसल्या नजरेच्या उंचीला, दगडात अक्षरं. नागरी अक्षरं. एकेक लावत गेले: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. गंग घराण्याच्या राजांचा मंत्री चावुंडराय, त्याने ही मूर्ती घडवली दहाव्या शतकाच्या अखेरीला. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत गणली जाणारी ती ओळ शाळेत पाठ केली होती. पहिल्या खेपेलाही मी तिच्यापासून चार पावलांवरच उभी असणार. पण तेव्हा मान वर होती.

तेव्हा 'आता या वयात काय दिसणार' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'दहा दिवसांत सात देश'वाल्यांशी तर त्याहून नाही. आम्ही एकदा तशा सहलीला गेलो. देश आठवत नाहीत, बसच्या पायऱ्यांची उंची आठवते.

आता थोडं गैरसोयींबद्दल, कारण त्या लपवून मी इथे प्रवासाची जाहिरात करणार नाही. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायला मी तीन वर्षं नकार देत होते. शेवटी घेतली, आणि एक शोध लागला: खुर्चीत बसलं की आपल्याला ऐकू येत नाही असं लोक धरून चालतात. काउंटरवरचा माणूस माझ्या डोक्यावरून मुलीला विचारतो, "यांचं नाव काय?" मी खालून खणखणीत आवाजात नाव सांगते. तो दचकतो. आता त्यात मला मजा यायला लागली आहे.

दुसरी गोष्ट बोटांच्या ठशांची. वयाबरोबर कातडी कोरडी आणि पातळ होते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात, आणि यंत्र म्हणतं, पुन्हा. एका परदेशी विमानतळावर माझ्या उजव्या अंगठ्याने सहा वेळा नकार घेतला. मागे रांग खोळंबलेली. जन्मभर भांडी, कपडे, खडू, सगळं ज्या हातांनी केलं त्यांना आता 'तुम्ही कोण?' असं विचारत होते. नणंदेने पर्समधून हाताला लावायचं क्रीम काढलं, माझा अंगठा तिनेच चोळून दिला. सातव्या वेळी हिरवा दिवा लागला. तेव्हापासून क्रीमची छोटी ट्यूब पासपोर्टशेजारीच असते.

बाकी विम्याचं वगैरे थोडक्यात. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो. तिथे आधीपासूनचा रक्तदाब, साखर लपवू नका. लपवलंत तर ऐन वेळी तो कागद कामाचा नाही.

एकदा मात्र म्हातारपणाने आम्हाला चक्क जिंकून दिलं. लेह ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस काही करू नका, असं सगळेच सांगतात. आमच्या गेस्ट हाउसमधली चार धट्टीकट्टी मुलं पहिल्याच दुपारी मोटरसायकली काढून उंचावर गेली आणि रात्री डोकी धरून, ओकत परतली. विरळ हवा वय बघत नाही आणि व्यायामशाळेचं प्रमाणपत्रही बघत नाही. आम्ही दोघी डॉक्टरांना विचारून गेलो होतो, आणि दोन दिवस अंगणात नुसत्या बसून होतो. त्यात आमचा सरावच दांडगा.

शेवटचं सांगते आणि थांबते. क्योटोला र्‍योआन्जी नावाचं मंदिर आहे. तिथे पांढऱ्या खडीचं अंगण आणि त्यात १५ दगड, बस, एवढंच. एका बाजूला लाकडी ओसरी. मला तर ती जागा आमच्यासाठीच बांधल्यासारखी वाटली, कारण तिथे करायचं काम एकच, बसायचं. ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड जातो, असं सांगतात. नणंदेला हे पटेना. ती मोजायला लागली, चौदा. मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही मोजा." माझे चौदा. मग बसल्या बसल्याच सरकत गेलो, ती डावीकडे, मी उजवीकडे. तिचा एक दगड उगवला की दुसरा बुडायचा. शाळेची मुलं आली, फोटो काढून गेली, दुसरी आली. पाऊण तास झाला असेल.

मग दोघींना एकदमच लक्षात आलं की ओसरीला धरून उठायला काहीच नाही.