सकाळी उठल्या उठल्या कुंडीपाशी

ही कुंडी बघा. काहीच दिसत नाहीये ना? नुसती ओली माती. पण गेले सहा दिवस मी तोंड धुवायच्या आधी इथे येऊन वाकून बघतेय, टोमॅटोचं बी टाकलंय, 20 ते 25 डिग्री ऊब मिळाली की साधारण 5 ते 10 दिवसांत वर येतं हे पाठ आहे, तरी रोज बघायचंच. एकदा तर न राहवून काडीने उकरून पाहिलं. (तुम्ही करू नका, कोवळं मूळ तुटतं. माझं तुटलंच.)

शेजारी गुलाब. थंडी सरता सरता छाटला तेव्हा घरातले म्हणाले, गेलं हे झाड. नुसत्या काटेरी काड्या उरल्या होत्या. आणि आता या डोळ्यावर बघा, तांदळाएवढा लालबुंद कोंब! लाल का, तर कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं तयार नसतं, तोवर अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून सांभाळतं. मग होईल हळूहळू हिरवा.

पाणी घालताना मात्र हात आवरा. पहिल्या वर्षी मी सगळी रोपं निव्वळ प्रेमाने मारली, सकाळ-संध्याकाळ झारी, मुळांना हवा लागते हे डोक्यातच नाही, माती कायम चिखल आणि मुळं कुजली. आता बोट दोन पेरं आत घालते, ओलं लागलं की झारी खाली.

आणि हा वास! मातीचा म्हणतो आपण, पण तो खरा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचा, ते जिओस्मिन नावाचं वासाचं रसायन बनवतात आणि ते अगदी नावापुरतं असलं तरी आपल्या नाकाला कळतं.

1984 मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंट्सच्या नोंदी तपासल्या, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, जालीम पेनकिलर पण कमी लागल्या. ते तर बिचारे पलंगावरून नुसते बघत होते, माझी तर नखं मातीने भरलीयेत.

थांबा, कॅमेरा जरा खाली घ्या. अजून खाली. इथे माती तडकलीये बघा. आधी वाकलेली पाठ वर येते, डोकं नंतर... आणि बियाची टोपी अजून तशीच डोक्यावर!