चॅनल १६ वर कोण ऐकतंय?

(दृश्य: मालवाहू जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली. रात्र. रडारचा पडदा, खिडकीपाशी उभा असलेला अधिकारी, त्याच्या डोक्याच्या वर लावलेला स्पीकर. खरखर, मग एक आवाज, मग पुन्हा शांतता.)

रात्रपाळीला ब्रिजवरचे दिवे मालवलेले असतात, बाहेरचा अंधार नीट दिसावा म्हणून. पाळीवरचा अधिकारी खिडकीतून पाहतो, रडारकडे पाहतो, पण त्याचा एक कान कायम वरच्या स्पीकरकडे असतो. बराच वेळ त्यातून काहीच येत नाही. मग कुठलं तरी जहाज दुसऱ्याला हाक मारतं, समोरून उत्तर येतं, दोघं ठरवून दुसऱ्या चॅनलवर जातात आणि इथली जागा पुन्हा मोकळी होते.

हा व्हीएचएफ (व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ आणि हा त्याचा चॅनल १६. लहर १५६.८ मेगाहर्ट्झची. जगातल्या कुठल्याही समुद्रावर जा, पहिली हाक इथेच मारायची आणि मदतही इथेच मागायची.

फोन एका माणसाचा नंबर लावतो. रेडिओवर आवाजाने मारलेली हाक अशी एकट्याकडे जात नाही. टप्प्यात असलेली प्रत्येक होडी, प्रत्येक जहाज आणि किनाऱ्यावरचं केंद्र, जो कोणी त्या चॅनलवर असेल तो ती ऐकतो. इथे खासगी असं काही राहत नाही. पण ज्याच्या होडीत पाणी शिरतंय त्याला खासगीपणा नकोच असतो. त्याला सगळ्यात जवळचं जहाज हवं असतं, आणि ते कुठलं हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. समुद्रावरच्या रेडिओची जवळजवळ सगळी शिस्त इथून आली आहे. एक बोलतो, सगळे ऐकतात. म्हणून बोलणाऱ्यावरही बंधन आणि ऐकणाऱ्यावरही.

(दृश्य: शिडाची होडी. कॅमेरा डोलकाठीवरून वर सरकत टोकावरच्या अँटेनावर थांबतो.)

हा आवाज पोचतो किती लांब? नवखा माणूस सेट घेताना वॅट विचारतो. हातात धरायचा सेट ५-६ वॅटचा, जहाजावर पक्का बसवलेला २५ वॅटचा. खरं तर त्याने अँटेना किती उंचावर बसेल हे विचारायला हवं. व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ जातात आणि समुद्राची पाठ गोल आहे. पाण्यापासून २ मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्याचं रेडिओ-क्षितिज सुमारे ६ किलोमीटरवर संपतं. तोच अँटेना ३० मीटर उंच काठीवर चढवला तर साडेबावीस किलोमीटर. किनाऱ्यावर १०० मीटर उंच कड्यावर केंद्र असेल तर त्याचं क्षितिज ४१ किलोमीटर. दोघांच्या क्षितिजांची बेरीज म्हणजे दोघांमधलं संभाषणाचं अंतर. म्हणून दोन लहान होड्या १२ किलोमीटरच्या आसपास एकमेकींना ऐकू येईनाशा होतात, पण त्यातलीच एक होडी कड्यावरच्या केंद्राशी ४५ किलोमीटरवरूनही बोलू शकते. आवाजाचं अंतर दुप्पट करायचं असेल तर उंची चौपट लागते. नुसते वॅट वाढवून क्षितिज हलत नाही.

यातून एक धोकाही निघतो. वादळात डोलकाठी मोडली की तिच्या टोकावरचा अँटेनाही पाण्यात जातो, आणि बोलायची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. म्हणून जाणते खलाशी एक सुटा आपत्कालीन अँटेना आणि एक हातातला सेट वेगळा जपून ठेवतात.

किनारा फार मागे पडला की व्हीएचएफ पुरत नाही. मग २ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या मीडियम फ्रिक्वेन्सीच्या लहरी कामाला येतात, ज्या पाण्याला धरून क्षितिजापलीकडे वळतात. त्याहून लांब जायचं तर हाय फ्रिक्वेन्सी. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनमंडलावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरतात. रात्री खालचे बँड, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचे पट्टे, चालतात, दिवसा वरचे. आता या कामातला मोठा वाटा उपग्रहांनी उचलला आहे. पण नजरेच्या टप्प्यातल्या जहाजांसाठी, म्हणजे जिथे टक्कर होते आणि जिथून पहिली मदत येते तिथे, अजूनही व्हीएचएफच.

(दृश्य: माइक धरलेला हात. अंगठा बटणावर.)

हा अंगठा पाहा. बटण दाबलं की आपण बोलतो. सोडलं की ऐकतो. दोन्ही एकदम होत नाही. म्हणून वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. संभाषणच संपलं तर ‘आऊट’. दोन्ही शब्द जोडून म्हणणं ही सिनेमातली सवय. उत्तर हवं आहे आणि उत्तर नको आहे, असं एकाच दमात सांगण्यासारखं ते होतं.

माइक कुठे तरी उशीखाली किंवा दोरखंडाखाली दबला आणि बटण अडकून बसलं तर? तो सेट इंजिनाची घरघर आणि माणसांच्या गप्पा सतत पाठवत राहतो आणि आसपासच्या सगळ्यांचा चॅनल १६ बुजवून टाकतो. ज्याच्याकडून हे होतं त्याला पत्ताही नसतो, कारण बटण दाबलेलं असल्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नाही. व्हीएचएफवर एफएम पद्धत वापरतात आणि एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला झाकून टाकतो. म्हणजे जवळच्याची बडबड दूरच्याची हाक अक्षरशः पुसून टाकू शकते. शेजारच्या होडीशी बोलायला १ वॅट पुरतो. तिथे २५ वॅट लावू नयेत, हा नियम त्यासाठीच.

बोलण्याची भाषाही बांधून दिलेली आहे. ब्रिजवर वेगवेगळ्या देशांची माणसं असतात, इंग्रजी बहुतेकांची मातृभाषा नसते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक वाक्प्रयोगांचा संच स्वीकारला. त्यात आधी सांगायचं की पुढे काय येतंय: प्रश्न, माहिती, इशारा की विनंती. आकडे सुटे उच्चारायचे. दिशा १५० असेल तर ‘वन-फाइव्ह-झीरो’. खरखरीतून ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ सारखेच ऐकू येतात, आणि अशा गफलतीत जहाज खडकावर जाऊ शकतं.

तरीही एका ठिकाणी न बोलणंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन जहाजांनी कोण कुठे वळेल हे १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांनी आधीच ठरवून दिलं आहे. तरी रेडिओ उचलून ‘माझ्या डावीकडच्या जहाजा’ अशी हाक दिली जाते. डावीकडे जहाजं तीन असतात. उत्तर भलताच देतो. दोघं मिळून नियमाच्या उलट काही तरी ठरवतात आणि सुकाणू फिरवायची मिनिटं बोलण्यात जातात. ब्रिटनच्या मेरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीने टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफवर विसंबू नका, असं नाविकांना लेखी बजावलं आहे. हल्ली एआयएसमुळे, म्हणजे जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेमुळे, जहाजाचं नाव पडद्यावर दिसतं, त्यामुळे हाक चुकण्याची शक्यता कमी झाली. वेळ मात्र तितकाच जातो.

(दृश्य: जुन्या बिनतारी खोलीचं छायाचित्र. मोर्स की. कानावर हेडफोन.)

आता ऐकण्याकडे वळू. १४ एप्रिल १९१२, उत्तर अटलांटिक. कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फाने वेढल्यामुळे थांबलं होतं. त्याचा एकमेव बिनतारी ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने जवळच असलेल्या टायटॅनिकला तसं कळवलं. टायटॅनिकचा ऑपरेटर जॅक फिलिप्स त्या वेळी केप रेसच्या दूरच्या केंद्राशी प्रवाशांचे निरोप पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या जहाजाचा सिग्नल त्याच्या कानात धाडकन आदळला. त्याने इव्हान्सला गप्प राहायला सांगितलं. इव्हान्सने आणखी थोडा वेळ ऐकलं, साडेअकराच्या सुमारास संच बंद केला आणि तो झोपला. टायटॅनिक हिमनगावर आदळलं ते ११ वाजून ४० मिनिटांनी.

कार्पेथिया हे दुसरं जहाज बरंच लांब होतं. तिथेही ऑपरेटर एकच, हॅरल्ड कॉटम. तोही झोपायच्या तयारीत होता, पण हेडफोन अजून कानावर होते. त्याने टायटॅनिकची हाक ऐकली, कार्पेथिया वळलं आणि पहाटे चारच्या सुमारास पोचून त्याने सातशेहून अधिक माणसं वर घेतली. दीड हजारांच्या आसपास गेली होती. कॅलिफोर्नियन वेळेत पोचलं असतं का, यावर आजवर वाद चालू आहे. पण त्या रात्री त्याच्या खोलीत ऐकायला कोणी नव्हतं, याबद्दल वाद नाही.

त्यानंतर १९१४ मध्ये लंडनला सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात जहाजांवर सतत रेडिओ ऐकत राहण्याची अट घातली गेली. पुढच्या काळातल्या रेडिओ खोल्यांमधलं घड्याळ पाहिलंत तर तबकडीवर लाल आणि हिरव्या पट्ट्या दिसतील. प्रत्येकी तीन मिनिटांच्या. लाल पट्टीत काटा आला की ५०० किलोहर्ट्झवर मोर्स पाठवणं थांबवायचं. हिरव्या पट्टीत आला की २१८२ किलोहर्ट्झवर बोलणं थांबवायचं. एरवीच्या गर्दीत दबून जाणारी एखादी दुबळी हाक त्या तीन मिनिटांत ऐकू यावी म्हणून, दर तासाला दोनदा, सगळ्या समुद्रांवर.

(दृश्य: आजचा व्हीएचएफ सेट. झाकणाखालचं लाल बटण.)

माणसाचा कान थकतो, म्हणून हे काम यंत्राकडे दिलं गेलं. चॅनल ७० वर बोलायला बंदी आहे. तिथे फक्त डिजिटल संदेश धावतात. झाकण उचलायचं आणि लाल बटण काही सेकंद दाबून धरायचं. सेट आपला नऊ आकडी ओळखक्रमांक आणि जीपीएसवरून घेतलेलं ठिकाण पाठवतो, आसपासच्या अशा प्रत्येक डिजिटल सेटवर घंटा वाजवतो आणि पोच मिळेपर्यंत साधारण चार-चार मिनिटांनी पुन्हा पाठवत राहतो. पण सेटला जीपीएसची तार जोडलेलीच नसेल आणि ठिकाण हातानेही भरलं नसेल, तर संदेश जातो आणि ठिकाण जात नाही. बंदरातून निघण्याआधी ती एक जोडणी तपासायला हवी.

ही व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ ला जगभर पूर्णपणे लागू झाली. तेव्हा मोठ्या जहाजांनी चॅनल १६ कानाने ऐकणं पुढे थांबवावं, असाही विचार होता. तो मागे पडला, आणि ते फार बरं झालं. कारण लहान होड्यांकडे बहुतेकदा साधा सेटच असतो. त्यांच्याकडे असतो तो आवाज.

(दृश्य: लाटांवर हेलकावणारी होडी. आवाज: “मेडे, मेडे, मेडे.”)

‘मेडे’ ही जीव धोक्यात असल्याची हाक. समजा, होडीचं नाव नीलिमा. तीनदा मेडे, तीनदा नाव, मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव. लगेच ठिकाण: दीपगृहापासून १९० अंशांवर ४ सागरी मैल. ठिकाण आधी, कारण बॅटरीपर्यंत पाणी पोचलं तर पुढचं वाक्य जाईलच याची खात्री नाही. एवढं कळलं तरी शोधायला निघता येतं. मग काय झालंय: इंजिनाच्या खोलीत पाणी, होडी बुडतेय. काय हवंय: तातडीची मदत. माणसं किती: सहा. हा आकडा विसरायचा नाही. सहा सांगितलं असेल तर पाच सापडल्यावर शोध थांबत नाही. मग ‘ओव्हर’, आणि अंगठा बटणावरून काढायचा, नाहीतर उत्तर ऐकू येणारच नाही.

जीव धोक्यात नाही पण मदत तातडीची आहे, उदाहरणार्थ इंजिन बंद पडून होडी वाहवत चालली आहे, तर मेडेऐवजी ‘पॅन-पॅन’. वाटेत मोठा ओंडका तरंगतोय, हे इतरांना सांगायचं असेल तर ‘सेक्युरिते’.

आणि ऐकणाऱ्याने काय करायचं? बोलायचं थांबवायचं आणि लिहून घ्यायचं, वेळेसकट. किनाऱ्यावरच्या केंद्राला पोच द्यायची संधी द्यायची. केंद्राने उत्तर दिलं नाही तर शक्यता हीच, की दुबळ्या सेटवरून निघालेली ती हाक तिथवर पोचलेलीच नाही आणि ती ऐकणारे फक्त आपणच आहोत. मग आपण पोच द्यायची आणि आपल्या उंच अँटेनावरून, २५ वॅटवर, तोच मजकूर ‘मेडे रिले’ म्हणून पुढे पाठवायचा: नीलिमाचं नाव, तिचं ठिकाण, सहा माणसं. बचावाचं काम चालवणारं केंद्र ‘सीलोन्स मेडे’, म्हणजे शांतता पाळा, असं म्हणतं तेव्हापासून त्या चॅनलवर दुसरं कुणी बोलत नाही. शांतता संपल्याचं सांगणारं ‘सीलोन्स फिनी’ ऐकू येईपर्यंत बाकीच्या हाका, अगदी बंदरात शिरायची परवानगी मागायची असेल तरी, दुसऱ्या चॅनलवर मारायच्या.