धर्म सापडला, ख्रिस्त नाही

श्रोतेहो, नमस्कार.

बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं उलटली, तेव्हा एका बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. या बाई काही कच्च्या अभ्यासाच्या नव्हत्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, भागवत ज्यांना मुखोद्गत होतं, त्या पंडिता रमाबाई. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. तिच्यात त्या सरळ सांगतात की माझा विश्वास नुसता बुद्धीचा होता, त्यात जीव नव्हता.

आपल्या मंडळ्यांमध्ये हा विषय हमखास निघतो. डोक्यातलं ज्ञान वेगळं आणि हृदयातलं वेगळं, असं उपदेशक म्हणतात, आणि पहिल्याला दोन टोले हाणून दुसऱ्याकडे वळतात. ऐकणाऱ्यांनाही ते बरं वाटतं, कारण अभ्यास न करायला एक धार्मिक कारण मिळतं. मला हा प्रकार पटत नाही. का पटत नाही, ते रमाबाईंकडे पाहूनच सांगतो.

त्यांना ख्रिस्ताकडे आणलं ते आधी बुद्धीनंच. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत शिकलेले पंडित. षड्दर्शनांवर टीका करणारा ग्रंथ लिहिणारे, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. त्यांचं लेखन वाचून रमाबाईंची बौद्धिक खात्री पटली. पण तेवढ्यानं त्यांचं पाऊल उचललं गेलं नाही. इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावच्या भगिनींकडे, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या व्रतस्थ जोगिणींकडे, राहत होत्या, तेव्हा लंडनच्या फुलहॅम भागातलं त्यांचं काम पाहायला गेल्या. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी आपल्या म्हणून सांभाळत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला, विहिरीवरची शोमरोनी स्त्री. यहुद्यांनी तुच्छ लेखलेल्या जमातीतली, पाच नवरे झालेली, आणि येशू तिच्याशी थांबून बोलतो. हिंदू शास्त्रं पाठ असलेल्या या विधवेला अशा स्त्रीशी बोलणारा गुरू नवा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आणि मग वाद सुरू झाले! वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक पालक. रमाबाई त्यांना पत्रांतून प्रश्न विचारीत: त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कुठल्या वचनावर उभं आहे? अथानासियसच्या नावाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, मी का म्हणायचा? क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत? एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता बिशपांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द ईश्वराज्ञा म्हणून घेणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट कळवलं. ती पत्रं वाचताना मला कधीकधी जेराल्डिनबाईंचीच कीव येते. त्या रागावल्या, दुखावल्या, शिष्या गर्विष्ठ आहे असंही त्यांना वाटलं. तरी त्या उत्तरं देत राहिल्या. आपल्याकडे एखाद्या तरुणानं असं काही विचारलं, तर ‘भाऊ, प्रार्थना कर’ एवढ्यावर त्याची बोळवण होते.

पुढे अमेरिका झाली, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, ते पुण्याला आलं. काम मोठं, नाव मोठं. अशात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचं आत्मकथन आलं. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावचे अँग्लिकन धर्मगुरू. विधी काटेकोर पाळणारे, शिकलेले. १८५१ सालच्या एका रविवारी ते उपदेशाला उभे राहिले. वचन होतं, ‘ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटते?’ परूश्यांना हा प्रश्न का कळला नाही, ते समजावून सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं की आपणही त्यांच्याच रांगेत उभे आहोत. तिथेच, व्यासपीठावर, ते बदलले. लोकांतून एक जण ओरडला, पाद्रीसाहेबांचं परिवर्तन झालं! स्वतःच्याच प्रवचनानं तारण पावलेला उपदेशक मला दुसरा माहीत नाही.

हे वाचून रमाबाई थबकल्या आणि आपण कुठे उभ्या आहोत ते तपासू लागल्या. त्यांच्याजवळ सिद्धान्त होते, नीती होती, सेवाही होती. पण क्षमा ही फुकट मिळालेली गोष्ट आहे, आपल्या लायकीचा तिच्याशी संबंध नाही, हे त्यांनी स्वतःपुरतं कधी घेतलंच नव्हतं. क्षमा मिळते हे ठाऊक होतं, क्षमा मिळालेली नव्हती. ती त्यांनी आता स्वीकारली. बुद्धीचं ज्ञान इथवर आणतं आणि थांबतं. याकोब आपल्या पत्रात जरा झोंबेल असंच लिहितो: देव एकच आहे हे भुतांनाही पटलेलं आहे, म्हणून तर ती थरथर कापतात. त्यांच्या मतांगीकारात चूक काढता येणार नाही.

मग बुद्धीचं काय झालं? इथे पुष्कळ जण थोर वेदान्ती थॉमस अक्वायनस यांचा दाखला देतात. माफ करा, वेदान्ती म्हटलं ते माझ्या मराठी तोंडाला आलं म्हणून. ख्रिस्ती ईश्वरविद्येचे ते मेरुमणी. डिसेंबर १२७३ मध्ये नेपल्सला मिस्सा करताना त्यांना काही अनुभव आला, आणि त्यानंतर आपलं सगळं लेखन त्यांना गवतकाडीसारखं वाटू लागलं. ‘सुम्मा थिओलोजिका’ हा त्यांचा महाग्रंथ अपुरा राहिला. म्हणून अभ्यास व्यर्थ, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी तेवढं लिहून दाखवावं.

रमाबाईंनी नेमकं उलटं केलं. अनुभव आल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. संस्कृतच्या या पंडितेनं उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. तोवर छापलेलं मराठी शास्त्र खेड्यातल्या साध्या बायकांना जड जातं, असं त्यांचं मत होतं. म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर त्या करू लागल्या. त्याच काळात, जून १९०५ मध्ये, केडगावच्या मुक्ती सदनात, म्हणजे रमाबाईंनीच उभारलेल्या आश्रमात, आत्मिक संजीवनाची लाट आली होती. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली रडत होत्या, मोठमोठ्यानं पापांगीकार करत होत्या. बाहेरच्या काहींना तो उन्माद वाटला. बाईंनी त्या प्रार्थना थांबवल्या नाहीत, आणि व्याकरणाची पुस्तकंही मिटली नाहीत. प्रार्थनेच्या मंडपातून उठायचं आणि हिब्रू क्रियापदांपुढे बसायचं, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मला वाटतं, ख्रिस्त ओळखीचा झाल्यामुळेच त्याचे शब्द अचूक समजून घ्यायची त्यांची निकड वाढली. नुसत्या पंडिताला चुकीच्या अर्थाची लाज वाटते. रमाबाईंना काळजी होती ती तो अर्थ घेऊन जगणाऱ्या बाईची.

प्रेषित पौलही याच जातकुळीतला. ज्ञान माणसाला फुगवतं, असं करिंथकरांना बजावणारा हा माणूस गमलियेल या नामांकित यहुदी शास्त्र्याच्या पायांशी बसून शास्त्र शिकलेला होता, आणि त्याची पत्रं समजायला आजही घाम फुटतो.

रमाबाईंची मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्याही दुःखात भाषांतराचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवायला सदनातल्याच बायका होत्या.