अशिलाचा कागद आणि आपले कार्यालय

(मराठवाड्यातील एका जिल्हा न्यायालयाच्या वकील संघात तरुण वकील आणि त्यांचे कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सन्माननीय अध्यक्ष, ज्येष्ठ सहकारी, तरुण वकील मित्र-मैत्रिणींनो, आणि ज्यांना मी मुद्दाम आग्रह करून पुढच्या रांगेत बसवले आहे ते आपले कारकून, टंकलेखक आणि दुभाषे,

आपल्या भागातला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा आपल्या घराचे सगळे कागद पिशवीत घालून येतो. वाटणीच्या दाव्यासाठी सातबारा, फेरफार आणि वंशावळ, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी पासबुक आणि पॅन कार्ड, मोटार अपघाताच्या दाव्यासाठी दवाखान्याचे कागद आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पोटगीच्या अर्जासाठी तर नवरा-बायकोतल्या अशा गोष्टी, ज्या त्या बाईने स्वतःच्या आईलाही सांगितलेल्या नसतात. यातला कोणता कागद आपल्याला लागणार आणि कोणता नाही, हे त्याला ठाऊक नसते. तो सगळेच आपल्या टेबलावर ठेवतो आणि तारीख विचारून गावाकडची एसटी धरतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की ती माहिती आपल्या हाती आली तरी आपली होत नाही. ती त्याचीच राहते, आणि आपल्या कार्यालयात ती ज्या ज्या हातातून जाते त्या प्रत्येक हाताबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे.

कायद्याची बाजू आधी पाहू. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये जे होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले आहे. अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याने सांगितलेली गोष्ट, त्याच्या कागदातला मजकूर किंवा आपण त्याला दिलेला सल्ला उघड करता येत नाही, आणि हे बंधन वकीलपत्र संपल्यावरही संपत नाही. बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी झालेले बोलणे, किंवा काम हाती घेतल्यानंतर गुन्हा अथवा लबाडी झाल्याचे वकिलाच्या नजरेस आले असेल ती वस्तुस्थिती, एवढेच त्याला अपवाद आहेत. बार कौन्सिलच्या नियमांतही हे बंधन आहे, आणि त्याचा भंग झाला तर प्रकरण व्यावसायिक गैरवर्तनापर्यंत जाऊ शकते.

याच कलमाचा एक भाग मात्र फार कमी वाचला जातो. हेच बंधन दुभाष्यांना आणि वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. मराठवाड्यात याला विशेष अर्थ आहे. निजाम काळातील जमिनीचे कागद उर्दूत असतात, काही जुने दस्त मोडीत असतात, आणि इनाम जमिनीचा किंवा कुळाचा वाद आला की ते वाचून घेतल्याशिवाय आपले पाऊल पुढे पडत नाही. ज्या जाणकाराकडे आपण तो कागद घेऊन जातो, त्याला हे बंधन आपण कधी सांगतो का? त्या कागदात कोणाच्या आजोबांनी कोणती जमीन कोणाला गहाण दिली हे असते, आणि तो जाणकार त्याच तालुक्यात राहणारा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी या विषयावर जो निर्णय दिला, तो प्रत्येकाने मुळातून वाचावा. अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याला वकिलास समन्स पाठवता येणार नाही. कलम १३२ च्या अपवादात प्रकरण बसत असेल, तर समन्समध्ये तसा स्पष्ट उल्लेख हवा आणि पोलीस अधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या वरिष्ठाची लेखी मान्यता हवी. वकिलाचा मोबाइल किंवा संगणक मागवायचा झाल्यास तो न्यायालयापुढेच हजर करायचा आहे आणि तो उघडताना इतर अशिलांच्या माहितीला धक्का लागता कामा नये. न्यायालयाने आपल्या उपकरणातील इतर अशिलांची एवढी काळजी वाहिली आहे. ते उपकरण आपल्या घरात कोणाकोणाच्या हाती असते, याचा विचार आता आपण करायचा आहे.

माहिती फुटते ती बहुतेक वेळा समन्समुळे फुटत नाही, रोजच्या सवयींमुळे फुटते, आणि म्हणून मला इथे थोडे थांबायचे आहे. न्यायालयाच्या आवारात टेबलाभोवती चार खुर्च्या असतात, पक्षकारासोबत मामा असतो, गावचा एखादा पुढारी असतो, शेजारच्या टेबलावर विरुद्ध बाजूचे वकील बसलेले असतात, आणि आपण मोठ्या आवाजात विचारतो, ‘पैसे रोख दिले होते का?’ वाटणीच्या प्रकरणात बहिणीला भाऊच घेऊन येतो आणि तिच्या वतीने तोच बोलतो. अशा वेळी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलणे हे आपले कर्तव्य आहे. बाकीच्यांना नम्रपणे बाहेर बसायला सांगावे. सुरुवातीला लोकांना राग येतो हे खरे, पण नंतर तीच माणसे स्वतःच्या कामासाठी आपल्याकडे येतात, कारण इथे बोललेले बाहेर जात नाही हे त्यांना कळलेले असते.

दुसरी जागा झेरॉक्सच्या दुकानाची. तिथल्या संगणकावर पेन ड्राइव्ह लावून शपथपत्र छापले की त्याची प्रत बहुधा तिथेच राहते. टंकलेखन केंद्रातही जुन्या अर्जावरच नवा अर्ज तयार करण्याची पद्धत आहे, त्यामुळे एका बाईच्या घटस्फोटाच्या अर्जातला परिच्छेद दुसऱ्या बाईच्या अर्जात आलेला मी पाहिला आहे. तिसरी जागा व्हॉट्सॲपची. खंडपीठातील सहकाऱ्याला छत्रपती संभाजीनगरला कागद पाठवायचे असतात, घाईत पूर्ण फाइलचे फोटो काढले जातात, ते सगळ्यांच्या समूहात टाकले जातात आणि फोनच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून राहतात. आधार जोडणे आवश्यकच असेल तेव्हा जिथे चालते तिथे शेवटचे चार अंक दाखवणारी झाकलेली प्रत वापरावी. जिथे ते लागतच नाही तिथे मागूच नये. ‘असू द्या फाइलला’ ही सवय आपण सोडली पाहिजे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. वकिलांना यातून सूट आहे असे बाररूममध्ये सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणे आवश्यक असेल, तर संमती वगैरे बऱ्याच तरतुदींतून सूट मिळते. मात्र माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय करण्याचे कर्तव्य त्या सुटीतून वगळलेले आहे, म्हणजे ते आपल्यावर कायम आहे, आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शिवाय मृत्युपत्र तयार करणे, खरेदीपूर्वी मालकीचा शोध अहवाल देणे, करार लिहून देणे अशी कामे दाव्याची नसतात. तिथे ही सूट गृहीत धरता येणार नाही. बस्त्यातला कागद या अधिनियमाच्या बाहेर आहे, पण त्याचा फोटो मोबाइलवर काढला त्या क्षणी तो आत येतो.

वंशावळीबद्दल मला वेगळे बोलायचे आहे. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या निमित्ताने आपल्या आठही जिल्ह्यांत घराघरांतून वंशावळी, शाळेचे निर्गम उतारे आणि जुने महसुली कागद गोळा झाले, त्यातले पुष्कळसे वकिलांच्या हातून गेले. वंशावळीत आपला अशील एक असतो आणि नावे चाळीस माणसांची असतात. त्यात दुसऱ्या लग्नाची नोंद असते, दत्तक असते, निपुत्रिक वारलेला चुलता असतो. त्या चाळीस जणांनी आपल्याला काहीही सांगितलेले नाही, आपल्यावर विश्वासही टाकलेला नाही. एका अशिलासाठी काढलेली वंशावळ भावकीतल्या दुसऱ्या अशिलाच्या वाटणीच्या दाव्यात वापरण्याचा मोह होतो. माझ्या मते पहिल्याच्या लेखी संमतीशिवाय ती वापरणे सरळ विश्वासभंग आहे, मग ते कागद सरकारी कचेरीतून पुन्हा मिळण्यासारखे असले तरीही. दुसऱ्यासाठी नव्याने नक्कल काढावी. चार दिवस जास्त लागतील, तेवढे लागू द्यावेत.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर हे गुप्ततेचे बंधन आणखी कडक आहे. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावापलीकडे जाऊन, जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती छापू नये असे सांगितले आहे. आपल्याकडे गावाचे नाव आणि बापाचा धंदा सांगितला की नाव सांगायची गरज उरत नाही. पत्रकार मित्राला बातमी देणाऱ्या वकिलाने हे ध्यानात ठेवावे.

आता प्रकरण संपल्यानंतरचे. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले आहे. फीसाठी वेगळे मार्ग आहेत. निकाल लागला की मूळ दस्त पोच घेऊन परत करावेत, कोणते परत केले याची यादी फाइलला ठेवावी, आणि संगणकातील प्रती अपिलाची मुदत व आपली गरज पाहून ठरलेल्या तारखेला पुसाव्यात. ज्येष्ठ वकील वारल्यावर त्यांचे बस्ते वाड्याच्या माळवदाखाली पडून राहतात आणि एक दिवस रद्दीत जातात, हे आपल्या गावांतून घडत आले आहे. त्या बस्त्यांत खरेदीखते असतात, मृत्युपत्रे असतात. म्हणून हयातीतच एका सहकाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, चालू आणि बंद फाइलींची नोंदवही त्याला दाखवून ठेवावी, कपाटाच्या किल्ल्या आणि संगणकाचा पासवर्ड कोणाकडून मिळेल हे त्यात नमूद करावे. अशा नोंदवहीचा एक साधा नमुना मी सोबत आणला आहे. कारकून मंडळींनी जाताना त्याची प्रत घ्यावी आणि त्यात काय कमी आहे ते मला कळवावे, कारण कोणता कागद कुठे असतो हे आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.