आमदार निवास ते सहावा मजला

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत चर्चगेटहून मंत्रालयाकडे चालत निघालात की आकाशवाणीची इमारत लागते. तिच्या शेजारच्या आमदारांच्या इमारतीला लोक 'आकाशवाणी आमदार निवास' म्हणूनच ओळखतात. म्हणजे गावाकडच्या माणसाला पत्ता सांगताना आमदारसाहेबांनाही आमच्या रेडिओचं नाव घ्यावं लागतं! रात्रीच्या एसटीने आलेला माणूस पहाटे तिथं पोचतो, साहेबांच्या खोलीत जागा मिळेल तिथं सतरंजीवर पाठ टेकतो, उजाडल्यावर तोंड धुतो आणि कागदांची पिशवी काखेत मारून मंत्रालयाची वाट धरतो. पिशवीत बदलीचा अर्ज असतो, विहिरीच्या अनुदानाचं प्रकरण असतं, पोराच्या प्रवेशाचं काहीतरी अडलेलं असतं.

तिथून मंत्रालय चालत काही मिनिटांवर. मंत्रालयाचा सहावा मजला, म्हणजे मुख्यमंत्र्यांचं दालन, लिफ्टने आणखी दोन मिनिटं. एवढंच अंतर कापायला लातूरच्या विलासराव देशमुखांना १९ वर्षं लागली.

विलासरावांचं भाषण, त्यांचा हजरजबाबीपणा, भरलेलं सभागृह हसवून सोडण्याची हातोटी, हे तुम्ही ऐकलेलं आहे. मी आज बोलणार आहे ते त्यांच्या दोन पराभवांबद्दल. आमदाराला वर जायचं असेल तर वाटेत किती जणांच्या हातात किल्ल्या असतात, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं विजयातून कळत नाही.

आधी थोडी मागची गोष्ट. जन्म २६ मे १९४५ चा, लातूरला खेटून असलेल्या बाभळगावचा. पुण्याला आयएलएस कॉलेजात कायदा शिकले, वकील झाले आणि गावाकडे परतले. १९७४ साली बाभळगावचे सरपंच. मग पंचायत समिती, जिल्हा परिषद. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १९८२ च्या १६ ऑगस्टला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८० मध्ये, विलासराव विधानसभेत पोचले होते. शेजारच्या रेणापूरहून त्याच वर्षी आणखी एक तरुण पहिल्यांदा आमदार झाला, गोपीनाथ मुंडे. पक्ष वेगळे, पण दोघांची दोस्ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ८५ ला विलासराव पुन्हा निवडून आले, ९० ला पुन्हा. १९८२ पासून राज्यमंत्री, पुढे कॅबिनेट मंत्री. लाल दिव्याची गाडी दारात. आता पुढची पायरी एकच, असं लातुरात लोक उघड बोलायचे.

आणि १९९५ साल आलं.

निकालाच्या संध्याकाळी मी गंजगोलाईत होतो. गंजगोलाई म्हणजे लातूरची गोल बाजारपेठ. मध्ये देवीचं देऊळ आणि भोवतीने चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले रस्ते. चहाच्या गाड्यावर ट्रान्झिस्टर चालू होता. तेव्हा मतदान यंत्रं नव्हती. कागदी मतपत्रिका, त्यांचे गठ्ठे, गठ्ठ्यांची फेरी. चहावाल्याने गाळणी हातातच धरून विचारलं, "साहेब पडले का हो?" कुणी उत्तर दिलं नाही. त्याने गाळणीतली चहापत्ती झटकली आणि पुढचं आधण ठेवलं. जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर निवडून आले होते, सुमारे ३५ हजारांच्या फरकाने. थोडक्यात निसटलेली ही जागा नव्हती, लोकांनी ठरवून पाडलेला हा माणूस होता. एरवी काँग्रेसची राज्यभरच दाणादाण उडाली होती, पक्ष ८० जागांवर आला होता. पण लाट हे निम्मं उत्तर झालं. मला विचाराल तर मंत्रिपदाच्या एक तपात पिशवीवाला माणूस आणि साहेब यांच्यात फार माणसं उभी राहिली होती. युतीचं सरकार आलं आणि दोस्त मुंडे उपमुख्यमंत्री झाले. विलासराव घरी.

विधानसभेचं दार लातूरच्या मतदाराने लावलं, तर दुसरं दार असतं विधान परिषदेचं. तिथं मतदार म्हणजे खुद्द आमदार. १९९६ साली विलासरावांनी ते ठोठावलं, पक्षाची अधिकृत उमेदवारी नसताना, अपक्ष म्हणून. आणि हरले. किती मतांनी? तर अर्ध्या मताने!

श्रोतेहो, अर्धं मत असतं कसं? लातुरात तेव्हा हा प्रश्न घरोघर विचारला जात होता. कुणी म्हणे, एका आमदाराने मतपत्रिका फाडली. तसं काही नसतं. या निवडणुकीत आमदार शिक्का मारत नाही. तो नावापुढे पसंतीचे आकडे लिहितो: एक, दोन, तीन. आणि मोजताना प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. समजा, ११ जागा आहेत आणि २८८ आमदारांनी मत दिलं. एकूण किंमत झाली २८,८००. जागांमध्ये एक मिळवा, म्हणजे १२; त्याने भागा, आले २४००; त्यात एक मिळवा. २४०१ हा झाला जिंकण्याचा कोटा. आता गंमत बघा. चोवीस आमदार ज्याच्या मागे ठाम उभे आहेत, त्याचे होतात २४००. एका आकड्यासाठी तो ताटकळतो! मग दुसऱ्या पसंत्यांचा खेळ सुरू होतो. एखाद्या उमेदवाराला २७ पहिल्या पसंत्या मिळाल्या, तर त्याचे २७०० झाले. कोटा भरून २९९ उरले. हे २९९ त्या २७ कागदांवर वाटले की एका कागदाच्या वाट्याला येतात जेमतेम ११. म्हणजे आमदाराने दुसरी पसंती दिली तरी तुमच्या पदरात शंभर पडत नाहीत, अकरा पडतात. अर्धं मत म्हणजे असल्या चार-पाच दुसऱ्या पसंत्या. कुणीतरी दोनचा आकडा तुमच्याऐवजी शेजारच्या नावापुढे लिहिला, बस्स.

हे सगळे आमदार त्यांच्या ओळखीचे. यातल्या कित्येकांबरोबर ते पंधरा वर्षं विधानभवनात बसले होते, कित्येकांची कामं त्यांनी मंत्री म्हणून केली होती. ३५ हजार अनोळखी माणसांनी पाडणं आणि चार-पाच ओळखीच्या माणसांनी पाडणं, यातलं जास्त काय लागत असेल ते मी सांगू शकत नाही.

पुढची तीन वर्षं मतदारसंघात गेली. मांजरा साखर कारखाना होता, सहकाराचं जाळं होतं, आणि आता वेळही होता. लग्नं, सावडणं, सप्ते, काही चुकवलं नाही, असं तिकडचे लोक सांगतात. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा ज्या लातूरने पाडलं होतं त्याच लातूरने ९१ हजारांच्या आसपास मताधिक्य दिलं. राज्यात तेव्हा एवढं मताधिक्य दुसऱ्या कुणाला नव्हतं.

तरी मुख्यमंत्रिपद मताधिक्यावर मिळत नाही. काँग्रेसचे आमदार आले ७५, नुकत्याच जन्मलेल्या राष्ट्रवादीचे ५८. बेरीज १३३, आणि बहुमताला लागतात १४५. म्हणजे शेकाप, अपक्ष, लहानसहान पक्ष सगळ्यांना धरून चालायचं. शिवाय काँग्रेसमध्ये नेता निवडायची रीत तुम्हाला माहीत आहे: दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांची मतं कानात ऐकून घेतात, एका ओळीचा ठराव होतो आणि सगळे अधिकार श्रेष्ठींना दिले जातात. १८ ऑक्टोबर १९९९ ला विलासरावांनी शपथ घेतली. लातूर जिल्ह्याला मुख्यमंत्रिपद नवं नव्हतं, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ मध्ये होऊन गेले होते. गंजगोलाईत गुलाल मात्र पहिल्यांदाच असल्यासारखा उधळला गेला.

सहाव्या मजल्यावर गेल्यावरही किल्ल्या दुसऱ्यांच्याच हातात राहिल्या. जून २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढला, काही आमदार फुटले, आणि सरकारच्या बाजूच्या आमदारांना बंगळूरूला नेऊन सांभाळावं लागलं. विश्वासदर्शक ठरावावर १४३ विरुद्ध १३३ मतं पडली, सरकार तरलं. सभागृहात जिंकलेल्या त्या मुख्यमंत्र्याला सातच महिन्यांत, जानेवारी २००३ मध्ये, दिल्लीच्या सांगण्यावरून खुर्ची सोडावी लागली. त्यांच्या जागी आले मित्र सुशीलकुमार शिंदे. २००४ ची निवडणूक आघाडीने शिंदेंच्या मुख्यमंत्रिपदात लढवली आणि जिंकली. राष्ट्रवादीच्या जागा ७१, काँग्रेसच्या ६९. मुख्यमंत्री कोण झालं? विलासराव! १ नोव्हेंबरला शपथ. निवडणूक जिंकणारे शिंदे बाजूला आणि पावणेदोन वर्षांपूर्वी उतरवलेले विलासराव पुन्हा वर. याचा तर्क लावायला बसू नये. २००८ मध्ये, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर, ताज हॉटेलची पाहणी करताना सोबत मुलगा रितेश आणि दिग्दर्शक राम गोपाल वर्मा दिसले, गदारोळ झाला आणि डिसेंबरमध्ये तेही पर्व संपलं.

२००९ मध्ये ते राज्यसभेवर गेले, केंद्रात मंत्री झाले. १४ ऑगस्ट २०१२ ला चेन्नईत त्यांचं निधन झालं, अंत्यसंस्कार बाभळगावी झाले.

राज्यसभेवर पाठवणारे मतदारही आमदारच, आणि तिथंही तेच पसंतीचे आकडे. फक्त २००३ पासून तिथं आमदाराला भरलेली मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेचं मतदान अजूनही गुप्त आहे. त्यामुळे १९९६ साली तो दोनचा आकडा कुणाच्या हातून शेजारच्या नावापुढे पडला, आणि तीन वर्षांनी बाभळगावला हार घेऊन आलेल्यांत तो हात होता की नाही, हे विलासरावांनाही कधी कळलं नसेल.

नमस्कार.